पीडीएफ कॅटलॉगमधून फोटो काढताना

सुरतेहून येणारे साड्यांचे व ड्रेस मटेरियलचे कॅटलॉग आता बरेचदा पीडीएफ फाईलच्या रूपाने मोबाईलवरच येतात. अमरावतीचा ठोक व्यापारी त्यातले चार-सहा नमुने निवडतो आणि अकोट, दर्यापूर, परतवाडा येथील किरकोळ दुकानदारांना पुढे पाठवतो. हे काम बहुधा दुकानातला पोरगा स्क्रीनशॉट काढून उरकतो. येथेच नुकसान होते. काठाची जरी पिवळ्या पट्टीसारखी दिसते, बारीक बुट्टी पुसली जाते आणि कापड हलके आहे असे समजून गिऱ्हाईक मान फिरवते. उलट फोटोत मरून दिसलेला रंग प्रत्यक्षात तपकिरी निघाला, तर गठ्ठा परत येतो आणि दोन्ही वेळचे भाडे व्यापाऱ्याच्या अंगावर पडते. म्हणून आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांसाठी ही माहिती आम्ही थोडी सविस्तर देत आहोत.

पीडीएफ हा बांधलेला गठ्ठा समजावा. त्यात अक्षरे वेगळी, रेषा वेगळ्या आणि फोटो वेगळे ठेवलेले असतात. अ‍ॅडोबी कंपनीने हा प्रकार १९९३ साली आणला आणि २००८ पासून तो आंतरराष्ट्रीय मानक झाला. त्यामुळे सुरतेत बनलेले पान अकोल्यात उघडले तरी मांडणी तशीच राहते. या गठ्ठ्यातून चित्र काढण्याच्या दोन रीती आहेत. एक, पूर्ण पानाचेच चित्र करणे. त्यात भाव, डिझाईन नंबर, कंपनीचे नाव सगळे येते. दुसरी, आत ठेवलेला फोटो तेवढा बाहेर काढणे. दुकानदाराला पान दाखवायचे असेल तर पहिली रीत, आणि कापडाचा पोत दाखवायचा असेल तर दुसरी. या दोहोंची गल्लत झाली की पुढच्या सगळ्या सेटिंग वाया जातात.

अ‍ॅक्रोबॅट हे अ‍ॅडोबीचे सॉफ्टवेअर ज्यांच्याकडे आहे (फुकटच्या रीडरमध्ये ही सोय नाही), त्यांनी ‘एक्स्पोर्ट’मध्ये जाऊन ‘इमेज’ निवडावे. तेथे ‘एक्स्पोर्ट ऑल इमेजेस’ असा चौकोन असतो. त्यात खूण केली तर आतले फोटो सुटे निघतात, नाही केली तर पाने निघतात. शेजारच्या दातेरी चाकावर क्लिक केले की सेटिंगचा तक्ता उघडतो. त्यातील एक ओळ फार थोड्यांच्या लक्षात येते: ठरावीक मापापेक्षा लहान चित्रे वगळावीत काय, ही. कॅटलॉगमध्ये रंगांचे छोटे तुकडे एका रांगेत छापलेले असतात. हे माप एक इंचावर असेल तर नेमके तेच तुकडे बाहेर येत नाहीत आणि फाईलच खराब आहे असे वाटते. तेथे ‘नो लिमिट’ निवडावे.

आता डीपीआय, म्हणजे एका इंचातील ठिपके. ए-४ आकाराचे पान ७२ वर काढले तर चित्र ५९५ बाय ८४२ ठिपक्यांचे होते, १५० वर १२४० बाय १७५४ आणि ३०० वर २४८० बाय ३५०८. मोबाईलवर पाहण्यापुरते १५० चालते, पण गिऱ्हाईक बोटांनी फोटो मोठा करून विणकाम पाहते, तेव्हा ३००च ठेवावे असे आमचे मत आहे. पत्रक किंवा कार्ड छापायचे असेल तर ३०० च्या खाली येऊच नये. फ्लेक्सचा हिशेब वेगळा. २४८० ठिपक्यांचे चित्र दहा फूट रुंद ताणले तर इंचाला जेमतेम वीस ठिपके येतात. रस्त्यापलीकडून ते खपून जाते, दुकानाच्या दारात लावले तर फुटलेले दिसते.

मात्र आकडा वाढवला म्हणून आत नसलेले बारकावे येत नाहीत. पीडीएफ बनवणाऱ्याने ‘स्मॉलेस्ट फाईल साईझ’ निवडले असेल तर मोठे रंगीत फोटो आधीच १०० डीपीआयवर उतरलेले असतात. अशी फाईल ६०० वर काढली तर नुसते वजन वाढते. पीडीएफ ४०० टक्क्यांवर मोठी करून पाहावी. जरीचा धागा तेथेच दिसत नसेल तर सेटिंगशी झटापट करण्यापेक्षा पुरवठादाराकडून छपाईची फाईल मागवावी.

फोटोसाठी जेपीईजी घ्यावे व गुणवत्ता ‘मॅक्सिमम’ ठेवावी. जेपीईजी दर वेळी नव्याने साठवताना थोडे बारकावे गमावते, म्हणून मूळ प्रत बाजूला ठेवून दुसऱ्या प्रतीवर काटछाट करावी. रंगाच्या बाबतीत, छापखान्यासाठी बनलेल्या कॅटलॉगमधील फोटो चार शाईंच्या सीएमवायके हिशेबात असतात. तसेच बाहेर काढले तर काही मोबाईल व प्रोग्राम त्यांचे रंग भडक किंवा उलटेसुलटे दाखवतात. ‘कलरस्पेस’मध्ये आरजीबी निवडावे. एवढे करूनही दोन मोबाईलवर एकच रंग दोन तऱ्हेचा दिसतो. मोठ्या ऑर्डरला कापडाचा तुकडा पाठवण्याची जुनी पद्धत आम्ही अजून सोडलेली नाही.

उर्दू लग्नपत्रिका व बिलबुके छापणाऱ्या बांधवांची अडचण निराळी आहे. इनपेजमधून काढलेली पीडीएफ कोरलड्रॉमध्ये उघडली की नस्तालीकची अक्षरे कधी कधी तुटतात, म्हणून पानाचे चित्र करून बसवतात. येथे कमी गुणवत्तेचे जेपीईजी घातक ठरते, कारण अक्षराच्या कडेला धूसर कण जमतात आणि नुक्ते त्यात मिसळून जातात. खे वरचा नुक्ता गेला की ‘खालिद’चा ‘हालिद’ होतो, आणि पत्रिका वाटून झाल्यावर ते कोणाच्या तरी ध्यानात येते. अशा कामाला पीएनजी किंवा टिफ घ्यावे. पीएनजीत दाबताना काही गळत नाही. एका रंगाच्या मजकुराला ग्रेस्केल व ६०० डीपीआय ठेवावे. पाच बाय सात इंचाचे कार्ड त्यावर ३००० बाय ४२०० ठिपक्यांचे होते. ‘एक्स्पोर्ट ऑल इमेजेस’ची खूण येथे काढून टाकावी, नाहीतर फुलांची नक्षी तेवढी हाती येईल आणि मजकूर आतच राहील.

अ‍ॅक्रोबॅट विकत घेणे परवडत नसेल तर लिबरऑफिस ड्रॉ फुकट मिळते. त्यात पीडीएफ उघडून पान जेपीईजी किंवा पीएनजी करताना डीपीआय विचारला जातो. फुकटचे गिंपही पीडीएफ उघडतानाच तो आकडा विचारते.

चांगला काढलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला तर तेथे पुन्हा दाबला जातो. तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. जीएसटी नोंदणीत मात्र मालकाचा फोटो जेपीईजीत १०० केबीच्या आतच लागतो, तेथे गुणवत्ता मुद्दाम कमी करावी.

काही कॅटलॉगना कुलूप असते व चित्रे निघत नाहीत. कुलूप तोडणारे प्रोग्राम मिळतात, पण ते फोटो कंपनीच्या खर्चाने काढलेले असतात. त्यांच्या माणसाला फोन करून हव्या त्या डिझाईन नंबरांचे फोटो मागवून घ्यावेत. माल विकायचा असल्याने ते बहुधा नाही म्हणत नाहीत.