पंचवीसच्या आत

सदाशिव पेठेतल्या या इमारतीला लिफ्ट नाही. सायकल रात्री खाली राहते, बॅटरी तिसऱ्या मजल्यावर येते. सकाळचे सव्वासात. कडीला धरून बॅटरी खाली आणायची, तिरक्या नळीतल्या खाचेत सरकवायची, किल्ली फिरवायची. टक्. हँडलवरचा छोटा डिस्प्ले उजळतो. पाच काड्या.

खरं तर पार्किंगच्या भिंतीत थ्री-पिन सॉकेट आहे. त्याच्या वर प्लास्टिकच्या पाकिटात कागद: ‘सोसायटीच्या मीटरवर खासगी वाहने चार्ज करू नयेत.’ खाली निळ्या पेनाने कुणीतरी भर घातली आहे: ‘मोबाइलसुद्धा.’ या भांडणाचा ऐवज केवढा? ३६ व्होल्ट गुणिले ७ अँपिअर-तास, म्हणजे २५० वॉट-तास. पाव युनिट. चार्जर लावून चार तासांनी लाल दिवा हिरवा होतो, तोवर घरच्या मीटरवर पाच रुपयेही झालेले नसतात.

गाडी बाहेर काढणं हा वेगळा व्यायाम. स्कूटरच्या दोन रांगा, मध्ये हँडलापुरती फट. साधी सायकल मागून उचलून जागच्या जागी वळवता येते. ही तेवीस किलोची, आणि मागच्या चाकाच्या पोटात मोटर. उचलायला गेलं की कंबर आठवते. मग पुढे-मागे, पुढे-मागे. एका स्कूटरचा आरसा हलतो. तो नीट करायचा, इकडे तिकडे बघायचं, निघायचं.

नवी पेठेतून म्हात्रे पुलाकडे. पायडल अर्धा फेरा फिरतं तोवर काहीच होत नाही. मग मागचं चाक एकदम ओढ घेतं. पायडलच्या आसावर बारक्या चुंबकांची चकती आहे. ती फिरली की सेन्सरला कळतं आणि मोटर सुरू होते. पायात किती जोर आहे ते तिला कळत नाही. पाय फिरतायत, एवढंच कळतं. त्यामुळे भाजीच्या हातगाडीला वळसा घालताना पाय थांबवायचे. नाहीतर ही नको तिथे उत्साह दाखवते. दोन्ही ब्रेकच्या दांड्यांत एकेक स्विच आहे. दांडी जराशी दाबली तरी मोटरचा पुरवठा तुटतो. नवा माणूस हे पहिल्या आठवड्यात शिकतो, बहुधा रिक्षाच्या मागे.

पुलावर ऊन आलंय. खाली मुठा, मे महिन्यातली: कडेला जलपर्णी, मध्ये काळं पाणी. वास पुलाच्या अर्ध्यापर्यंत सोबत करतो. उजवीकडून मोटारसायकली चाळीसने जातात. डावीकडे रात्रपाळी संपवून घरी चाललेला रखवालदार, साध्या सायकलवर, बारा-तेराच्या वेगाने, डबा कॅरियरला. डिस्प्लेवर २३. २४. २५ ला मोटर हात काढून घेते. त्यापुढे जायचं तर तेवीस किलो आपल्या पायांनी ओढत. रखवालदार मागे राहतो, मोटारसायकली पुढे निघून जातात. या वेगाचं रस्त्यावर दुसरं कुणी नसतं. रिक्षावाल्यांना आपण संथ वाटतो, फुटपाथवरून उतरणाऱ्या आजींना वेगवान. आजी सायकल बघून अंदाज बांधतात, आणि सायकल अंदाजाआधी पोचते. घंटी वाजवत राहायची.

नळस्टॉप. वर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो. खाली सावली आहे पण वारा नाही. सिग्नलचे आकडे शंभराच्या वरून उतरायला लागतात. शेजारच्या इंजिनांची धग पोटऱ्यांना लागते. ही मात्र थांबली की पूर्ण गप्प. हेल्मेटची काच वर करून एक मुलगा वाकून चाकाकडे बघतो.

“काका, केवढ्याला पडली?”

“तीस हजार.”

“एका चार्जिंगला किती जाते?”

“कागदावर चाळीस. आपल्या रस्त्यांवर पंचवीस-तीस किलोमीटर.”

“मग स्कूटरच नाही का घ्यायची?”

उत्तराची जुळवाजुळव होईपर्यंत आकडे संपतात. मुलगा दिसेनासा होतो.

पौड फाट्यावर वेगळा प्रश्न. पोलीस हात करतो. मागे वाकतो, मडगार्डखाली बघतो.

“नंबर कुठंय?”

“सायकल आहे साहेब.”

“पायडल न मारता येत होता तुम्ही.”

खरं आहे. अंगठ्याखाली थ्रॉटल आहे. मग उभ्या उभ्या नियम सांगायचा: मोटर पाव किलोवॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, बॅटरी वगळून वजन ६० किलोच्या आत, ब्रेक आणि रिफ्लेक्टर जागेवर. एवढं असलं तर केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या लेखी हे मोटार वाहनच नव्हे. नोंदणी नाही, लायसन्स नाही, नंबरप्लेट नाही. पोलीस शांतपणे ऐकतो. मोटरवर कोरलेले आकडे वाचायचा प्रयत्न करतो. त्यावर चिखल वाळलाय. शेवटी बोटाने पायडल एकदा फिरवून बघतो. चेन फिरते. “जा,” म्हणतो.

पौड रोडला मेट्रोच्या खांबांची सावली पट्ट्यापट्ट्यांनी पडते. ऊन, सावली, ऊन, सावली. मध्येच सायकल ट्रॅक लागतो. त्यावर शहाळ्यांची गाडी, मग पार्क केलेली कार, मग विजेचा डीपी. परत रस्त्यावर.

वनाझच्या अलीकडे झाडाखाली पंक्चरवाला. त्याच्यापुढे कुणाची तरी अशीच सायकल आडवी पडली आहे, मालक शेजारी दगडावर बसलाय. मागचं चाक पंक्चर. साध्या सायकलला पंधरा नंबरचा पान्हा चालतो. इथे आसाच्या जाड नटांना अठरा लागतो, तो डब्यात नाही. शिवाय आसातून निघालेली वायर. पंक्चरवाला ती बोटाने हलवून बघतो आणि सोडून देतो. चाक न काढताच एका बाजूने टायर उकलतो, ट्यूब बाहेर ओढतो, पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधतो. काम होतं, पण वेळ दुप्पट. पैसे गाडीच्या पंक्चरचे घेतो. मालक म्हणतो, अहो, सायकल आहे. पंक्चरवाला म्हणतो, वजन बघा की.

कोथरूड डेपो मागे पडतो आणि रस्ता चांदणी चौकाकडे चढायला लागतो. तीस हजारांचा जाब इथे विचारायचा. मोटरचा आवाज बदलतो. सपाटीवर बारीक घुं, आता जाड. आत नायलॉनचे छोटे दातेरी गिअर फिरतायत. माणूस आणि सायकल मिळून नव्वद किलो धरले, तर शंभर मीटर उंचीवर नेण्याचं निव्वळ काम २५ वॉट-तासांचं. म्हणजे भरलेल्या बॅटरीचा दहावा हिस्सा. मोटर तापण्यात जातं ते वेगळं, पाय घालतात ते त्यातून वजा. पाय घालावेच लागतात. नुसत्या थ्रॉटलवर वेग चौदा, बारा, दहा असा उतरतो आणि मागून डंपर हॉर्न देतो.

डिस्प्लेवर चाराच्या दोन काड्या होतात. घाबरण्याचं कारण नाही. चढावर मोटर जास्त करंट ओढते, तेवढ्यापुरतं व्होल्टेज दबतं. दम खाल्ला की काड्या परत येतात. ही बॅटरी भरलेली असते तेव्हा ४२ व्होल्ट दाखवते. तिशीच्या आसपास उतरली की आतलं सर्किट पुरवठाच तोडतं. काड्यांवर विसंबणाऱ्याला हे ऐन चढावर कळतं.

घाम येतो, पण कपाळापुरता. शर्ट कोरडा आहे. ऑफिसला सायकलने जाणाऱ्यासाठी याचं मोल मोठं आहे, आणि कुठल्याच जाहिरातीत ते नीट सांगितलेलं नाही.

वर टपरीपाशी खाण्याची पार्सलं पोचवणारी पोरं उभी आहेत. त्यांच्या विजेच्या स्कूटरनाही नंबरप्लेट नाही. वेगही तोच, पंचवीस. स्कूटर भाड्याच्या, भाडं आठवड्याला. बॅटरी संपली की केंद्रावर जाऊन भरलेली घालून आणायची, चार्जिंगची भानगडच नाही. त्यांतला एक चहाचा ग्लास घेऊन जवळ येतो.

“पायडल कशाला दिलेत?”

“बॅटरी संपली तर.”

तो एका हाताने हँडल धरून सायकल पुढेमागे करतो, वजन जोखतो. “संपली तर ढकलतच न्यावी लागेल,” म्हणतो. चुकीचं नाही.

दुपारी तीनला परतीची वाट. सायकल उन्हात होती. सीट हात लावून बघावी लागते. बॅटरीची काळी पेटी चांगलीच तापली आहे. घरी गेल्यागेल्या चार्जिंगला लावायची नाही, आधी निवू द्यायची. पंचेचाळीस अंशांच्या वर या सेलना चार्जिंग सोसत नाही. उतारावर मोटर लागतच नाही. डेपोपाशी सपाटी येते, पाय फिरतात, आणि काहीच होत नाही. डिस्प्ले चालू, काड्या तीन, मोटर ढिम्म. थ्रॉटल दाबून बघायचं. बंद करून चालू. तसंच. तिथून पेठेपर्यंत ही निव्वळ सायकल आहे, तेवीस किलोची. आता शर्ट भिजतो.

जिथून घेतली तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. कंपनीच्या नंबरवर बाई नम्रपणे सांगते की तक्रार नोंदवली आहे, दोन दिवसांत फोन येईल. म्हणून गल्लीतलं दुकान. अडीच शटरांची जागा, छताला टांगलेली चाकं, एक पंखा, तो मालकाकडे तोंड करून. बाहेर रांग फुटपाथवर आली आहे. शाळकरी सायकली, एक तिचाकी, आणि विजेच्या तीन.

पुढे डबे पोचवणाऱ्या बाई आहेत. कॅरियरवर बांधलेला क्रेट, त्यात कापडी पिशव्या. सायकल तीन वर्षांची. पूर्वी पंचवीस किलोमीटर जायची, आता बारावर बसते. मिस्त्री बॅटरीचे स्क्रू काढतो. आत सेल: १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब, एकूण तीस. तीन-तीनचे दहा गट एकामागे एक जोडलेले. तो मल्टिमीटरची टोकं एकेका गटाला लावत जातो. तीन पूर्णांक आठ. तीन आठ. तीन आठ. तीन एक. थांबतो. एक गट आधी रिकामा होतो आणि बाकीच्या नऊ जणांना घेऊन बसतो.

“नवीनच घाला ताई. दहा हजारांच्या आसपास.”

बाई काही बोलत नाहीत. बोटांची पेरं मोजतात. पेट्रोल, महिने, डबे. मग विचारतात, “अर्धे पुढच्या महिन्यात चालतील का?”

रांगेत एक आजोबा आहेत, जुन्या काळ्या सायकलचं चाक आउट काढून घ्यायला आलेले. ते म्हणतात, आमच्या वेळी पुण्यात सायकलला बिल्ला लागायचा. दरवर्षी महापालिकेचा कर. रात्री दिवा नसला की पोलीस हवा सोडायचा, डबलसीट पकडलं तर दंड. “आता यांना काहीच नाही,” हाताने आमच्या सायकलींकडे निर्देश करत म्हणतात. तक्रार आहे की हेवा, ते स्वरावरून कळत नाही.

नंबर लागतो. मिस्त्री आधी थ्रॉटलचा जोड उपसून फुंकतो. मग डाव्या ब्रेकची दांडी दोनदा दाबतो. तिसऱ्यांदा दाबून सोडतो, ती अर्ध्यातच राहते. धुळीने आतला स्विच चिकटलाय; मोटरला वाटतंय ब्रेक दाबलेलाच आहे. डब्यातून स्प्रे, जुना टूथब्रश, दोन मिनिटं. मग न विचारता सायकलवर बसतो आणि वन-वेच्या उलट दिशेने सुसाट जातो. रांग वळून बघते. गल्लीच्या दुसऱ्या तोंडाने परत येतो.

“मोटर चांगली आहे. शंभर द्या. आणि पावसाच्या आधी दोन्ही दांड्या साफ करून न्या.”

आजोबा आपली काळी सायकल पुढे सरकवतात.