रात्री हाताला मुंग्या येतात?

भाताची लावण, भांगलण अशी कामे लागली की आमच्या खानापूर-बेळगाव भागात हे गाऱ्हाणे घरोघरी ऐकू येते. दिवसा काम कसेबसे निभते. पण मध्यरात्री हात बधीर होऊन जाग येते, बोटांत मुंग्या येतात, कळ कोपरापर्यंत चढते. उठून हात झटकला की बरे वाटते. बायकांमध्ये हे दुखणे अधिक. ‘वात आहे’ म्हणून तेल चोळत बरेच जण वर्षे काढतात.

खरे कारण बहुधा मनगटात असते. तिथे तळव्याच्या बाजूला एक अरुंद बोगदा आहे. खाली हाडे आणि वर न ताणणारा जाड पडदा. बोटे मिटणाऱ्या ९ कंडरा आणि एक मज्जातंतू एवढ्यातून जातात. खुरपे घट्ट धरून, धारा काढून कंडरांच्या आवरणाला सूज आली की जागा पुरत नाही आणि मज्जातंतू दाबला जातो. झोपेत मनगट मुडपले की दाब आणखी वाढतो, म्हणून त्रास रात्रीचा. गरोदरपण, मधुमेह आणि थायरॉईडचा विकार यांतही हे होते. तेव्हा दवाखान्यात जाल त्या वेळी रक्तातील साखर तपासून घ्यावी.

हा मज्जातंतू अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अर्ध्या अनामिकेला संवेदना देतो, करंगळीला नाही. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून, बोटे खाली सोडून, मनगटे मिनिटभर वाकवून धरावीत. याच बोटांत मुंग्या आल्या तर संशय बळावतो. जॉर्ज फॅलन या अमेरिकन शल्यचिकित्सकाच्या नावाने ही परीक्षा ओळखली जाते.

करंगळी बधीर असेल तर गोष्ट वेगळी. कोपर आपटल्यावर झिणझिणी येते ना, तिथल्या मज्जातंतूचे ते दुखणे. कुष्ठरोगात याच मज्जातंतूला वारंवार इजा होते. अंगावर न दुखणारा, स्पर्श न कळणारा चट्टा असेल तर सरकारी आरोग्य केंद्रात लगेच दाखवावे. औषध फुकट मिळते, रोग बरा होतो. लपवण्यासारखे त्यात काही नाही. आणि डावा हात दुखून छाती भरून आली, घाम सुटला, तर मात्र सरळ इस्पितळ गाठावे.

मनगटाच्या दुखण्यावर सुरुवातीला सोपा उपाय आहे. रात्री झोपताना मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधावा. औषधाच्या दुकानात मिळतो. घट्ट आवळू नये, आणि निदान ६ आठवडे नेमाने बांधावा. चार दिवसांत गुण नाही म्हणून पुष्कळ जण तो खुंटीला टांगतात! मनगट जोराने रगडून घेऊ नये. खुरप्याची मूठ बारीक असेल तर तिला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळावी, म्हणजे मूठ कमी आवळावी लागते. विळ्याला धार ठेवावी. बोथट विळा हाताचा घात करतो. धार अंगठा मुडपून न काढता पूर्ण मुठीने काढावी. म्हशीच्या सडांनाही तेच बरे. घरात दुसरे कोणी असेल तर एक वेळची धार त्यांच्यावर सोपवावी.

एवढ्याने भागले नाही तर डॉक्टर मनगटात इंजेक्शन देतात. पण बधिरपणा दिवसरात्र राहू लागला, सदऱ्याचे बटण लागेना, हातातली भांडी निसटू लागली, अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा सपाट दिसू लागला, तर थांबू नये. वाळलेला स्नायू पुष्कळदा परत भरत नाही. तो जाड पडदा कापून मज्जातंतू मोकळा करण्याची शस्त्रक्रिया लहान असते. बहुधा तेवढाच भाग बधिर करून करतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात. टाके निघाल्यावरही काही आठवडे जड काम बंद ठेवावे लागते, म्हणून म्हशीची धार आणि शेतातली कामे कोण करणार ते घरात आधीच ठरवून ठेवावे.