सातबारा कात टाकतो

मराठी माणूस एखादी कादंबरी न वाचता आयुष्य काढील, पण सातबारा वाचल्यावाचून त्याची सुटका नाही. या एका कागदाने आमच्या भाषेलाही देणे दिले आहे. कर्जातून मोकळा झालेल्याचा सातबारा 'कोरा' होतो. कोणी उगाच मालकी गाजवू लागला की, 'सातबारा काय तुझ्या बापाच्या नावावर आहे?' हा सवाल एस.टी.च्या बाकावरसुद्धा ऐकू येतो. असा हा कागद इतका परिचयाचा असूनही आपल्यापैकी पुष्कळांना तो धड वाचता येत नाही. त्याला आमच्या अडाणीपणाइतकीच त्या कागदाची जुनी मांडणीही कारण होती. ती मांडणी २०२० साली बदलली. पन्नास वर्षांच्या वहिवाटीनंतर सरकारने या नमुन्यात बारा सुधारणा केल्या. त्या बदलांचा आमच्या संगमेश्वरसारख्या डोंगराळ मुलखात काय अर्थ होतो, ते पाहण्याजोगे आहे.

सात कोण आणि बारा कोण?

गावच्या महसुली दप्तरात एक ते एकवीस असे 'गाव नमुने' असतात. त्यांतला सातवा अधिकार अभिलेखाचा. जमीन कोणाची, किती, तिच्यावर आणखी कोणाचा कसला हक्क, हे तो सांगतो. बारावा पिकांचा. हे दोन एकाच कागदावर आले आणि लोकांनी त्यांचे लग्न लावून 'सातबारा' हे जोडनाव ठेवले. याच कुटुंबातला सहावा नमुना म्हणजे फेरफाराची नोंदवही, आणि आठ-अ म्हणजे एका खातेदाराच्या साऱ्या जमिनींचा गोषवारा. या व्यवस्थेला आधार १९६६ च्या जमीन महसूल संहितेचा आणि १९७१ च्या नियमांचा.

मराठी शिकवणाऱ्या माणसाला या कागदाचा मोह पडावा अशी त्याची भाषा आहे. 'पोटखराब' म्हणजे शेताच्या पोटात असूनही नांगराखाली न येणारी जागा, मग ती कातळाची असो की ओहोळाची. 'वरकस' म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन, जिच्यावर आमची नाचणी आणि वरी पिकली. 'ए.कु.मॅ.' हे गूढ अक्षर म्हणजे 'एकत्र कुटुंब मॅनेजर', आणि 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता. हाताने लिहिलेल्या जुन्या उताऱ्यावर ही अक्षरे तलाठ्याच्या वळणात उतरत, आणि खातेदाराला ती वैद्याच्या चिठ्ठीसारखी वाटत. आज तलाठ्याचे नाव 'ग्राम महसूल अधिकारी' झाले आहे, आणि अक्षर संगणकाचे.

१ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा सातबारा संकेतस्थळावर मिळू लागला. पंधरा रुपये भरले की नालासोपाऱ्याच्या खोलीत बसलेल्या चाकरमान्याला आपल्या गावच्या जमिनीचा उतारा हाती येतो. पूर्वी यासाठी रजा काढून गाव गाठावे लागे आणि तलाठी सजावर असेल तो दिवस धरावा लागे. परंतु कागद घरी आला म्हणजे तो कळला असे होत नाही. तलाठ्याच्या समोर बसून 'हे काय हो भाऊसाहेब?' असे विचारता येत असे. पडद्याला विचारता येत नाही. म्हणून कागदानेच बोलके व्हावे, ही गरज संगणकाने उत्पन्न केली.

एका ठिपक्यांच्या रेषेची किंमत

नव्या नमुन्यात गावाच्या नावापुढे त्याचा संकेतांक आला. एकाच नावाची दोन-चार गावे असलेल्या प्रांतात हे उपयोगाचे आहे. लागवडीचे क्षेत्र, पोटखराब आणि दोहोंची बेरीज वेगवेगळी दिसू लागली. शेतजमिनीचे माप हेक्टर, आर, चौरस मीटरमध्ये आणि बिनशेतीचे आर व चौरस मीटरमध्ये देण्याचे ठरले. ज्यांच्या डोक्यात अजून गुंठेच आहेत त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की आर म्हणजे शंभर चौरस मीटर, आणि गुंठा त्याहून किंचित मोठा.

खाते क्रमांक पूर्वी इतर हक्काच्या रकान्यालगत असे. तो आता ज्याचा त्याच्या नावापाशी आला. दोन खातेदारांच्या मध्ये ठिपक्यांची रेषा आली. घाटावर एका उताऱ्यावर दोन-तीन नावे असतील, तर ही रेषा शोभेची वाटेल. आमच्याकडे वीस-पंचवीस नावांचा उतारा ही नवलाची गोष्ट नाही. आजोबांचे चार भाऊ, त्यांचे मुलगे, त्यांचे नातू, आणि सर्वांचे आडनाव एकच! अशा गर्दीत एक खाते कोठे संपते आणि दुसरे कोठे सुरू होते, हे ती ठिपक्यांची रेषा सांगते. वाटणीच्या भांडणात किंवा महामार्गाच्या भूसंपादनाचा मोबदला घेताना तिची किंमत कळते.

मयत खातेदाराचे नाव आणि फिटलेल्या कर्जाचा बोजा पूर्वी नुसत्या कंसात टाकीत. कंसाचा हा अर्थ सामान्य माणसाला कोण सांगणार? व्याकरणात कंस म्हणजे जास्तीचा खुलासा, आणि येथे कंस म्हणजे रद्द! आता कंसावर आडवी रेष ओढलेली असते, आणि खोडले म्हणजे गेले, हे शाळकरी पोरालाही समजते. ज्या फेरफाराची नोंद झाली पण जो अजून प्रमाणित झालेला नाही, तो 'प्रलंबित फेरफार' म्हणून वेगळा दिसतो. जमीन घेणाऱ्याने हा शब्द प्रथम पाहावा. नोटिसांची आणि हरकतींची मुदत चालू असलेली जमीन आहे, हे तो त्याला आधीच सांगून ठेवतो. जुन्या फेरफारांचे सारे क्रमांक एका रकान्यात गोळा झाले, तेव्हा पूर्वजांचा माग काढणाऱ्यालाही वाट मिळाली.

बिनशेती जमिनीच्या उताऱ्यातून पोटखराब, कुळ आणि खंड हे रकाने गळले, आणि गाव नमुना बाराची येथे गरज नाही, अशी सूचना तळाशी आली. जेथे इमारत उभी राहिली तेथे पिकाचा रिकामा रकाना कशाला?

रकान्यामागचा इतिहास

रकाना हा निर्जीव दिसतो, पण तो कोणाच्या तरी लढ्याने भरलेला असतो. रत्नागिरी जिल्ह्यात खोतीचा अंमल होता. खोत सारा वसूल करी, आणि कसणारा कुणबी कागदावर नसल्यासारखाच असे. ही पद्धत मोडण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडले. पुढे १९४९ च्या कायद्याने खोती गेली, आणि १ एप्रिल १९५७ च्या 'कृषक दिना'ने कुळांना मालकीची वाट दिली. 'कुळ' या रकान्यातून 'भोगवटादार' या रकान्यात नाव सरकणे म्हणजे कागदावर चार बोटांचे अंतर. ते ओलांडायला पिढ्या लागल्या.

तसेच एक अंतर अद्याप पुरते ओलांडलेले नाही. वडील गेले की मुलांची नावे कब्जेदार म्हणून लागतात, आणि बहिणींची नावे पुष्कळदा 'इतर हक्कात' जातात. म्हणजे घरची लेक बँकेच्या बोजाच्या शेजारी जाऊन बसते! महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली वारसा कायदा सुधारून मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. पत्नीचे नाव सहखातेदार म्हणून लावण्याची 'लक्ष्मीमुक्ती' शेतकरी संघटनेच्या चळवळीतून आली आणि १९९२ साली सरकारनेही ती उचलून धरली. कायदा बदलला, नमुना बदलला, पण नाव कोणत्या रकान्यात लिहावयाचे हे अजून घरच्या ओटीवर ठरते.

मेलेल्यांचेही तसेच. आडवी रेष ओढण्याची सोय झाली, पण वारसांनी अर्जच केला नाही तर रेष ओढणार कोण? म्हणूनच २०२५ साली सरकारला 'जिवंत सातबारा' मोहीम हाती घ्यावी लागली. नाव अर्थपूर्ण आहे. आमच्या कित्येक उताऱ्यांवर अजून पणजोबाच शेती करीत आहेत.

पुढची सुधारणा कोणती?

नमुना सुधारणाऱ्यांनी पुष्कळ केले, तेव्हा आणखी मागण्याचा आपल्याला हक्क आहे. सामाईक खात्यात पंधरा नावे आणि क्षेत्र मात्र एकच असते. कोणाचा वाटा किती, हे कागद सांगत नाही. जुने लोक आणेवारीने हिस्सा सांगत. तसा प्रत्येकाचा हिस्सा नावापुढे येईल, तर कोर्टाच्या पायऱ्या झिजणे थोडे तरी कमी होईल. संक्षेपांचा अर्थ तळाशी दोन ओळींत द्यावा. आणि १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या नावात आईचे नाव सरकारी कागदावर बंधनकारक झाले आहे. ही मुले उद्या खातेदार होतील. त्यांच्या चार पदरी नावाला पुरेल एवढी जागा रकान्यात आजच ठेवावी.

तोपर्यंत आपल्या हाती आहे ते आपण करावे. दिवाळीला मुंबई-पुण्याची मंडळी गावी जमतात, आणि फराळाच्या ताटाभोवती सारे वारस एका ठिकाणी सापडतात. ही संधी वर्षातून एकदोनदाच येते. मोबाइलवर उतारा उघडावा आणि चार गोष्टी पाहाव्यात: गेलेल्यांच्या नावावर रेष आहे का, प्रलंबित फेरफार काही आहे का, फिटलेल्या कर्जाचा बोजा अजून उभा आहे का, आणि आत्यांची व बहिणींची नावे कोणत्या रकान्यात आहेत. चौथा प्रश्न भाऊबीजेच्या दिवशी विचारला, तर ओवाळणीच्या ताटात काय घालावे, याचेही उत्तर मिळून जाईल.