पाण्याच्या हिशेबाची उंची

दुबईच्या देरा भागात खाडीच्या काठावर सर्वेक्षणाचे उपग्रह-यंत्र सुरू केले, की त्याचा पहिला कच्चा आकडा नवख्या माणसाला चक्रावून टाकतो. समोर पाणी, आपले पाय त्याच्यापेक्षा दोन-तीन मीटर वर, आणि पडद्यावर उंची साधारण उणे ३० मीटर. यंत्र बिघडलेले नसते. उपग्रह उंची मोजतात ती इलिप्सॉइडपासून, म्हणजे ध्रुवांकडे किंचित चपट्या, गणिताने आखलेल्या गुळगुळीत गोलापासून. दुबईजवळ खऱ्या समुद्राची सरासरी पातळी या गणिती पृष्ठभागाच्या सुमारे ३३ मीटर खाली आहे. मुंबईत हाच फरक सुमारे ६५ मीटर भरतो, तर श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात तो शंभर मीटरच्याही पुढे जातो. समुद्राच्या सरासरी पातळीतला पृथ्वीवरचा हा सर्वांत खोल खळगा.

गटाराला, रस्त्याला, पुलाला गणिती गोलाशी काही देणेघेणे नसते. पाणी कोणीकडे वाहील एवढेच तिथे महत्त्वाचे. अमिरातीत गेल्या पाव शतकात उंचीची मोजणी सुधारली, त्यात नव्या उपकरणांचा वाटा मोठा आहेच. पण माझ्या मते खरे काम झाले ते या दोन पृष्ठभागांमधले अंतर ठिकठिकाणी जाणून घेण्याचे.

या किनाऱ्याच्या मोजणीची सुरुवात आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या बॉम्बे मरीनने १८२०च्या दशकात आखाताचे पद्धतशीर सर्वेक्षण केले. लेफ्टनंट कोगनने लेफ्टनंट गाय यांच्या देखरेखीखाली १८२२मध्ये दुबईच्या खाडीचा त्रिकोणमितीने काढलेला नकाशा आजही उपलब्ध आहे. त्या दर्यावर्दी मंडळींना पाण्याची खोली हवी होती, कारण जहाज रुतू नये. जमिनीची उंची त्यांच्या कामाची नव्हती. पुढे अबू धाबीतील एका बिंदूवर आधारलेली ‘ट्रुशियल कोस्ट १९४८’ ही संदर्भप्रणाली आली, मग इराकमधल्या नहरवानची. या दोन्ही प्रणाली जागा सांगत, उंची नव्हे. उंचीसाठी समुद्राकडे जावे लागले. अबू धाबीने पश्चिम टोकाच्या रास घुमैस इथे १९७८ आणि १९७९मध्ये नोंदलेली समुद्राची सरासरी पातळी शून्य धरली.

शून्य ठरले, की ते आत न्यायचे कसे? लेव्हल मारत. महाराष्ट्रातल्या कोणत्याही साइटवर काम केलेल्या माणसाला ही पद्धत माहीत असते. तिपाईवर लेव्हल, मागे स्टाफ, पुढे स्टाफ. बॅकसाइट घ्यायची, फोरसाइट घ्यायची, वजाबाकी करायची, तिपाई उचलायची. एका नजरेचे अंतर ३० ते ५० मीटर ठेवले, तर किलोमीटरमागे दहा ते सतरा वेळा यंत्र मांडावे लागते. दुबई शहरापासून हत्तापर्यंत शंभराहून जास्त किलोमीटर आहेत. तिथवर पातळी न्यायची, तर यंत्र हजारावर वेळा मांडायचे. आणि खात्रीसाठी तितकेच उलट मांडत परत यायचे, कारण दोन्ही खेपांचा मेळ बसला तरच आकडा खरा.

वाळवंटात या कामाला ऊन आडवे येते. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, स्टाफवरच्या रेघा नाचू लागतात, प्रकाशकिरण वाकतो. म्हणून नजर जमिनीलगत जाऊ द्यायची नाही, मागचे आणि पुढचे अंतर सारखे ठेवायचे, म्हणजे दोन्हीकडची चूक एकमेकींना खाते. स्टाफसुद्धा फुगतो. ॲल्युमिनियमचा तीन मीटरचा स्टाफ २० अंशांनी तापला, तर दीड मिलिमीटरच्या आसपास वाढतो. इन्व्हार या निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूची पट्टी तेवढ्याच तापमानात मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकीही वाढत नाही. हा धातू शोधणाऱ्या शार्ल गियोम यांना १९२०चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. १९९०मध्ये ‘वाइल्ड’ कंपनीने स्टाफवरच्या पट्ट्या स्वतः वाचणारी पहिली डिजिटल लेव्हल आणली आणि डोळ्याने वाचण्यातली चूक गेली. ऊन मात्र तेच राहिले. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला अमिरातीत कायद्याने बंदी आहे. चांगली लेव्हल तिथे मुळात पहाटेच मारली जाते.

मग उपग्रह आले. या शतकाच्या सुरुवातीला दुबई म्युनिसिपालिटीने ‘दुबई व्हर्च्युअल रेफरन्स सिस्टिम’ उभारली. पाच कायमची केंद्रे रात्रंदिवस उपग्रहांचे संदेश ऐकतात. केंद्राची जागा अचूक ठाऊक असल्याने संदेशात वातावरणामुळे किती खोट आली ते कळते. ती दुरुस्ती मोबाइलच्या जाळ्यातून शेतात, रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या रोव्हरपर्यंत, म्हणजे हातातल्या फिरत्या उपग्रह-यंत्रापर्यंत, पोहोचते आणि काही सेकंदांत दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत जागा मिळते. म्युनिसिपालिटीच्या सर्वेक्षण विभागातील युसुफ अल मर्जूकी, हुसेन फाशिर आणि सहकाऱ्यांनी या प्रणालीच्या चाचण्यांवरचा निबंध २००५मध्ये कैरोच्या आंतरराष्ट्रीय सर्वेक्षक महासंघाच्या बैठकीत मांडला होता.

उंचीच्या बाबतीत उपग्रह जरा कमजोर असतात. आडव्या जागेसाठी ते चहूबाजूंना दिसतात, उंचीसाठी मात्र फक्त डोक्यावरचे. खालच्या बाजूचा उपग्रह पृथ्वीआड. त्यात आखाताची दमट हवा संदेशाला उशीर लावते आणि काचेच्या मनोऱ्यांवरून संदेश परावर्तित होतो. हे सगळे सावरले तरी हाती येते ती इलिप्सॉइडपासूनची उंची. तिच्यातून समुद्रपातळीची उंची काढायला जिऑइड लागतो, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ओढीने शांत समुद्र जमिनीखालूनही पसरला असता तर जी पातळी धरली असती ती.

सबंध अमिरातीला सरसकट ३३ मीटर मिळवून चालत नाही, कारण जिऑइड सपाट नाही. पूर्वेचा हजर पर्वत पृथ्वीच्या पोटातून वर आलेल्या जड खडकाचा आहे. त्याचा ओढा वेगळा, किनाऱ्याजवळच्या गाळाचा वेगळा. म्हणून गुरुत्वाकर्षण मोजावे लागले. जमिनीवर ठिकठिकाणी ग्रॅव्हिमीटर ठेवून मोजले, आणि लष्करी सर्वेक्षण विभागाने देशाच्या सागरी हद्दीवरून विमान उडवून मोजले. त्या हवाई सर्वेक्षणावरचा डेन्मार्कचे रेने फोर्सबर्ग आणि सहकाऱ्यांचा निबंध २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. या मापांतून जिऑइडचा नमुना बांधतात आणि जुन्या लेव्हलने पोहोचवलेल्या बेंचमार्कांवर, म्हणजे उंची ठरवून दिलेल्या पक्क्या खुणांवर, तो ताडून पाहतात. ही पायरी मला फार महत्त्वाची वाटते. पहाटेच्या अंधारात स्टाफ धरून उभ्या राहिलेल्या माणसांनी पोहोचवलेली पातळी नसती, तर उपग्रहाची उंची खरी की खोटी हे कळायला मार्गच नव्हता.

शून्याचा घोळ किती महाग पडतो, हे युरोपने पाहिले आहे. जर्मनी आणि स्वित्झर्लंड ज्या समुद्रपातळ्या शून्य धरतात, त्यांत २७ सेंटिमीटरचा फरक. ऱ्हाइनवरचा लाउफेनबुर्गचा पूल बांधताना तो सगळ्यांना माहीत होता, पण दुरुस्ती उलट चिन्हाने झाली आणि २००३मध्ये दोन बाजूंत ५४ सेंटिमीटरची तफावत उघड झाली. अमिरातीतही अबू धाबीची कामे रास घुमैसच्या शून्यावर, दुबईची ‘दुबई म्युनिसिपालिटी डेटम’ या शून्यावर. सीमेवरून जाणाऱ्या रस्त्याच्या नकाशात प्रत्येक आरएलसोबत, म्हणजे शून्यापासूनच्या उंचीसोबत, डेटमचे नाव लिहिलेलेच पाहिजे.

आपल्याकडेही हा प्रश्न दारात आहे. महाराष्ट्रात भारतीय सर्वेक्षण विभागाच्या साथीने उभारलेल्या ७७ कायम केंद्रांमुळे भूमी अभिलेख खात्याची मोजणी रोव्हरने होऊ लागली. शेताच्या हद्दीसाठी ते पुरेसे आहे. पण ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलेले पाहिलेल्या सांगलीकराला हद्दीपेक्षा उंबऱ्याची उंची हवी असते. निळी आणि लाल पूररेषा घरोघरी खरी ठरायची असेल, तर रोव्हरच्या पाठीशी तितकाच बारीक जिऑइड असायला हवा.

दुबई-अबू धाबीत याची निकड आणखी मोठी, कारण जमीन जवळजवळ सपाट. किनाऱ्यालगतची सबखा, म्हणजे खारट पापुद्र्याची सपाटी, काही भागांत किलोमीटरमागे जेमतेम ४० सेंटिमीटर चढते. तिथे उंचीत दहा सेंटिमीटर चूक झाली, तर नकाशावरची पाण्याची कड पाव किलोमीटर सरकते. १६ एप्रिल २०२४ला अल ऐनजवळच्या खतम अल शकला इथे चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर पाऊस पडला. १९४९पासूनच्या नोंदींतला हा सर्वाधिक पाऊस. दुबईचा विमानतळ पाण्यात गेला, महामार्गांवर गाड्या बुडाल्या आणि काही वसाहतींत पाणी कितीतरी दिवस तुंबून राहिले, कारण त्याला उतारच नव्हता.

त्यानंतर जून २०२४मध्ये दुबईने ३० अब्ज दिरहमचा ‘तसरीफ’ प्रकल्प जाहीर केला. पावसाच्या पाण्याचा निचरा ७०० टक्क्यांनी वाढवायचा, दिवसाला २ कोटी घनमीटर पाणी वाहून न्यायचे, काम २०३३पर्यंत पुरे करायचे. अशा जाळ्यात बोगदा आणि वाहिन्या जिथवर जमेल तिथवर नुसत्या उतारावर चालवतात. हजारास एक उतार दिला, तर किलोमीटरला एक मीटर. त्यात पाच-सात सेंटिमीटर इकडेतिकडे झाले, की वाहिनीत गाळ बसू लागतो. त्यामुळे रोव्हरने भराभर घेतलेल्या उंचीवर आराखडा होतो आणि वाहिनी प्रत्यक्ष बसवताना पुन्हा डिजिटल लेव्हल लावली जाते.

शिवाय वाळू टाकून वर आणलेली जमीन खचत राहते. पाम जुमेरासाठी समुद्रातून ९ कोटी ४० लाख घनमीटर वाळू उपसून टाकली आणि कंपने देऊन दाबली. अशा भरावावरचा बेंचमार्क स्वतःच हळूहळू खाली जाऊ शकतो. म्हणून खोलवरच्या घट्ट थरापर्यंत नेलेल्या बेंचमार्कापासून तिथवर ठरावीक मुदतीने पुन्हा लेव्हल मारायची आणि जुना आरएल खोडून नवा लिहायचा, हे काम सर्वेक्षण खात्याच्या कायमच्या वेळापत्रकात असते.