उपग्रहीय सागरी दूरसंवेदन

उपग्रहीय सागरी दूरसंवेदन म्हणजे कृत्रिम उपग्रहांवरील उपकरणांच्या साहाय्याने महासागराचे तापमान, रंग, पातळी आणि पृष्ठभागावरील वारे यांचे दुरून मापन करण्याचे तंत्र होय. प्रकाश पाण्यात फार खोल जात नाही आणि रडारचे तरंग तर पृष्ठभागावरूनच परततात. त्यामुळे उपग्रहाला दिसतो तो समुद्राचा केवळ वरचा थर. खालच्या घडामोडी अनुमानाने जाणाव्या लागतात.

या तंत्राला खरी दिशा दिली ती एका अल्पायुषी उपग्रहाने. अमेरिकेच्या नासा संस्थेने जून १९७८ मध्ये सोडलेला सीसॅट विद्युतयंत्रणेतील बिघाडामुळे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निकामी झाला. तथापि, ढग व अंधार यांची तमा न बाळगता लाटांची उंची, वारे आणि सागरपातळी रडारने मोजता येतात, हे त्याने जेमतेम साडेतीन महिन्यांत सिद्ध केले.

सागरपातळी मोजण्यासाठी उपग्रह खाली रडारचा स्पंद सोडतो. तो परत येण्यास लागणाऱ्या वेळेवरून पाण्यापर्यंतचे अंतर कळते व ते उपग्रहाच्या उंचीतून वजा केले की पातळी मिळते. वजाबाकी सोपी आहे. कठीण असते ते कक्षा अचूक ठरविणे आणि हवेतील बाष्पामुळे स्पंदाला होणारा विलंब वगळणे. ऑगस्ट १९९२ मध्ये सोडलेल्या टोपेक्स/पोसायडन या अमेरिका-फ्रान्सच्या संयुक्त उपग्रहाने सुमारे १,३३० किमी उंचीवरून हे मापन काही सेंटिमीटरपर्यंत अचूक केले. तापलेले पाणी प्रसरण पावते, म्हणून पातळीतील फुगवट्यावरून खोलवरच्या उष्णतेचाही अंदाज बांधता येतो. १९९७-९८ च्या एल निनोच्या वेळी पूर्व प्रशांत महासागरातील असा फुगवटा या उपग्रहाने टिपला.

सागराच्या रंगावरून वनस्पतिप्लवकांचे प्रमाण कळते, कारण त्यांतील हरितद्रव्य निळा प्रकाश शोषून घेते. याची सुरुवात १९७८ च्याच निंबस-७ उपग्रहाने झाली. भारताने २६ मे १९९९ रोजी श्रीहरिकोटा येथून ओशनसॅट-१ सोडला. हरितद्रव्य व पृष्ठतापमान यांच्या उपग्रहीय नोंदींवरून हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र (इन्कॉइस) मासळी मिळण्याची संभाव्य क्षेत्रे किनाऱ्यावरील मच्छीमारांना कळविते. ढगांखालचा रंग मात्र दिसत नाही. शिवाय खाड्यांच्या मुखाशी गढूळ पाण्यातील गाळ हरितद्रव्याचा आभास निर्माण करतो. तेथे होडीतून पाण्याचे नमुने घेऊनच उपग्रहाचे आकडे पडताळावे लागतात.