बोटांना शिकू द्या

जन्मापासून अंध असलेला माणूस चौकोनी ठोकळा आणि चेंडू हाताने चाचपून सहज ओळखतो. समजा, उद्या त्याला दिसू लागलं, तर हात न लावता, नुसतं बघून ठोकळा कुठला आणि चेंडू कुठला हे तो सांगू शकेल का? आयर्लंडच्या विल्यम मोलिन्यू यांनी १६८८ मध्ये तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना पत्र लिहून हा प्रश्न विचारला. त्यावर पुढे तत्त्वज्ञांच्या पिढ्या वाद घालत राहिल्या. प्रयोगातून त्याचं ठोस उत्तर मिळायला मात्र सव्वातीनशे वर्षं जावी लागली, आणि ते मिळालं भारतातल्या मुलांकडून.

अमेरिकेतल्या एमआयटीचे मेंदूशास्त्रज्ञ पवन सिन्हा यांचा ‘प्रोजेक्ट प्रकाश’ हा उपक्रम आपल्याकडच्या जन्मांध मुलांवर शस्त्रक्रिया करून त्यांना दृष्टी मिळवून देतो आणि ती मुलं बघायला कशी शिकतात याचा अभ्यासही करतो. ८ ते १७ वर्षं वयाच्या अशा पाच मुलांची शस्त्रक्रियेनंतर लगेच चाचणी घेतली गेली. हाताळलेला ठोकळा पुन्हा हातानेच ओळखायचा असला की उत्तर जवळजवळ नेहमी बरोबर यायचं. पाहिलेला ठोकळा पाहून ओळखणंही जमत होतं. पण हाताळलेला ठोकळा पाहून ओळखायला सांगितलं, की मुलं अंदाजाने उत्तरं देऊ लागायची. पुढे काही दिवसांनी त्यांच्यापैकी काहींची पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा तीच मुलं हे काम बऱ्यापैकी करू लागली होती. २०११ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हाताने जाणलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं एकच आहे, ही समज त्या मुलांमध्ये आयती तयार नव्हती. वापरातून ती आली, आणि झपाट्याने आली.

या शोधनिबंधाचे पहिले लेखक होते रिचर्ड हेल्ड. तेव्हा ते नव्वदीला टेकले होते. त्याआधी जवळपास अर्धशतक, १९६३ मध्ये, त्यांनी आणि ॲलन हाइन यांनी मांजरीच्या पिल्लांवर एक प्रयोग केला होता. घरी मुलांसाठी काहीतरी ‘शैक्षणिक’ करू पाहणाऱ्या प्रत्येक आईबापाने तो समजून घ्यावा असा आहे.

अंधारात वाढवलेल्या पिल्लांच्या जोड्या लावल्या होत्या. रोज तीन तास प्रत्येक जोडीला उभ्या पट्ट्यांनी रंगवलेल्या एका गोल पिंपासारख्या जागेत ठेवायचे. मध्ये खांब, त्यावर आडवी दांडी. दांडीच्या एका टोकाला जुंपलेलं पिल्लू स्वतःच्या पायांनी गोल गोल चालायचं. दुसऱ्या टोकाला टांगलेल्या छोट्या पेटीत दुसरं पिल्लू बसलेलं असायचं, पाय जमिनीला न लागू देता. पहिलं चाललं की दुसरं आपोआप फिरायचं. डोळ्यांपुढून सरकणारं दृश्य दोघांनाही सारखंच मिळत होतं. काही काळाने चालणारी पिल्लं टेबलाच्या कडेशी नेली की पंजे पुढे करायची, काचेखाली खोल दिसणारी बाजू टाळायची. पेटीतल्या पिल्लांना यातलं काही जमत नव्हतं. त्यांचे डोळे शाबूत होते. आपण हललो की जग कसं बदलतं, हे मात्र त्यांना कधी अनुभवायलाच मिळालं नव्हतं. मोकळं सोडल्यावर तीही लवकरच सावरली.

हात, कान, डोळे वापरून घरी खेळायच्या संवेदन-खेळांचं सगळं शास्त्र या प्रयोगात आहे. ज्ञानेंद्रियांना नुसता माल पुरवून भागत नाही. कृती मुलाची असावी लागते आणि तिचा परिणाम मुलाला त्याच क्षणी कळावा लागतो. मोबाइलच्या पडद्यावर कितीही रंगीत वाळू सांडली, तरी ती सांडणारा हात दुसऱ्याचा असतो. दोन वर्षांखालच्या मुलांना पडद्यापुढे बसवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तास ही कमाल मर्यादा ठेवावी, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं. पडद्यापासून वाचवलेल्या वेळेत काय करायचं, याचं उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे.

हात काय शोधत असतो?

माणसाच्या एका तळहाताच्या आणि बोटांच्या कातडीत स्पर्श टिपणारे सुमारे १७ हजार ग्राहक असतात. त्यांचे मुख्य प्रकार चार. कुणी हलका दाब टिपतो, कुणी थरथर, कुणी निसटता स्पर्श, तर कुणी कातडीचा ताण. दाबाचं रूपांतर विजेच्या संदेशात करणारा ‘पिझो’ प्रथिनांचा दरवाजा आर्डेम पॅटापुटियन यांनी २०१० मध्ये शोधला. त्यासाठी २०२१ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना डेव्हिड ज्युलियस यांच्यासह मिळालं.

पण ग्राहक असून पुरत नाही, हात हलावा लागतो. सुझन लेडरमन आणि रॉबर्टा क्लाट्झकी या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये डोळे बांधलेल्या लोकांच्या हातात रोजच्या वापरातल्या शंभर वस्तू दिल्या. सुमारे ९६ टक्के वेळा उत्तर बरोबर आलं, तेही बहुतेकदा काही सेकंदांत. त्यानंतर त्यांनी हातांच्या हालचाली बारकाईने तपासल्या. पोत जाणून घ्यायचा तर बोट आडवं फिरतं. टणकपणा कळायला दाबलं जातं. गारवा कळायला हात नुसता टेकून ठेवला जातो. वजनासाठी वस्तू उचलून तोलली जाते, ढोबळ आकारासाठी मुठीत घेतली जाते आणि नेमक्या आकारासाठी बोट कडेकडेने फिरतं. म्हणजे प्रत्येक प्रश्नाला हाताची ठरलेली हालचाल आहे. खेळ निवडताना हीच कसोटी लावावी. या सामानाशी खेळताना मुलाचा हात किती तऱ्हांनी हलेल?

परातीतले प्रयोग

या कसोटीवर पहिला नंबर कणकेच्या गोळ्याचा. पोळ्या करताना मुलाने मागितलेला तो गोळा त्याला जरूर द्यावा, आणि सोबत ज्वारीच्या पिठाचा आणि तांदळाच्या उकडीचा एकेक गोळाही द्यावा. गव्हात ग्लुटेनिन आणि ग्लायाडिन अशी प्रथिनं असतात. पाणी घालून मळलं की त्यांचं लवचीक जाळं तयार होतं. त्यामुळे कणीक ओढली की लांबते आणि दाबलेलं बोट काढलं की थोडी वर येते. ज्वारीत हे जाळं नाही. तो गोळा ओढला की तुटतो, थापताना कडेला चिरा पडतात. म्हणूनच भाकरीचं पीठ गरम पाण्यात भिजवतात. उष्णतेने पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि भाकरी धरून ठेवतो. उकडीत हेच आणखी पुढे गेलेलं असतं, म्हणून ती मऊसूत लागते. तीन वर्षांच्या मुलाला यातलं एक अक्षरही सांगायची गरज नाही. एक गोळा लांबतो, एक तुटतो, एक बोटाला चिकटतो, एवढं त्याचे हात शोधून काढतात. कच्चं पीठ मात्र पोटात जाऊ देऊ नये. त्याने लाटलेली वेडीवाकडी पोळी तव्यावर नीट भाजून त्याच्याच ताटात वाढावी.

दुसरा प्रयोग दोन वाट्या कॉर्नफ्लोअर आणि साधारण एक वाटी पाण्याचा. हे मिश्रण सावकाश ढवळलं तर पातळ असतं, बोट हळूच बुडतं. पण जोरात थाप मारली की हात वरच अडतो. मुठीत दाबून गोळा करता येतो आणि मूठ उघडली की तोच गोळा बोटांमधून ओघळतो. कॉर्नफ्लोअरचे कण मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढे असतात. हळू हलवलं तर त्यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर राहतो आणि ते एकमेकांवरून घसरतात. जोर लावला की तो थर तुटतो, कणाला कण थेट घासतो आणि सगळी गर्दी जागच्या जागी अडकते. आपण किती जोर लावतो त्यावर समोरची वस्तू कशी वागेल हे ठरतं, हा शोध मुलाला इतक्या उघडपणे दुसऱ्या कशात क्वचितच लागतो. खेळ संपल्यावर हे मोरीत ओतू नये. ते तळाशी बसून नळी तुंबते.

जरा मोठ्या, पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी स्टीलची वाटी, लाकडी पोळपाट आणि सुती पंचा रात्रभर एकाच खोलीत ठेवावा. सकाळी तिन्हींवर हात टेकला तर वाटी सगळ्यात गार लागते, जरी तिन्हींचं तापमान तेच असलं तरी. आपली कातडी तापमान मोजत नाही. उष्णता किती वेगाने हातातून जाते किंवा हातात येते, ते तिला कळतं. स्टील उष्णता झटकन ओढून घेतं, लाकूड सावकाश. विदर्भातल्या मे महिन्यात, जेव्हा खोलीच अंगापेक्षा तापलेली असते, तेव्हा हाच प्रयोग उलटा होतो. वाटी लाकडापेक्षा गरम लागते. सागरगोटा फरशीवर घासून भावंडाच्या हाताला चटका देण्याचा जुना खेळही उष्णतेचाच धडा आहे.

बाकीचे खेळ सोपे आहेत. कापडी पिशवीत चमचा, शिंपला, घोसाळ्याची वाळलेली जाळी, लाकडी भोवरा घालून न बघता ओळखायला लावावं. ‘कसं ओळखलंस?’ असं विचारलं की खरखरीत, गुळगुळीत, बोथट, टोकदार हे शब्द मुलाच्या तोंडी येऊ लागतात. सारख्या डब्यांच्या जोड्यांमध्ये मोहरी, तांदूळ, हरभरे भरून आणि झाकणं पक्की चिकटवून आवाजावरून जोड्या लावता येतात. परातीत रवा, जवळ चाळणी, पळी, दोन-तीन मापांच्या वाट्या आणि निमुळती बाटली ठेवली, की ओतण्यात अर्धा तास सहज जातो.

बोर्डी आणि कोसबाडचा वारसा

मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत पहिलं बालगृह सुरू केलं. खरखरीत-गुळगुळीत फळ्या आणि आवाजाच्या डब्या ही तिथलीच साधनं. पण ती कारागिराकडून घडवून घ्यावी लागत, महाग पडत. आपल्याकडे हा प्रश्न ताराबाई मोडक यांनी सोडवला. १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी वारली पाड्यांतल्या मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. शंख, शिंपले, बिया, दगड, पानं हे तिथलं साहित्य. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, हा अंगणवाडीचा विचारही त्यांचाच. इंद्रियांच्या शिक्षणाला दुकानातलं साहित्य लागत नाही, हे महाराष्ट्राला फार आधी कळलेलं आहे. आज त्याच खेळांची चकचकीत खोकी महागड्या किमतींना विकली जातात, तेव्हा ही गोष्ट मुद्दाम आठवावी.

या खेळांनी मूल हुशार होतं, मेंदू वाढतो, असे दावेही जाहिरातींत दिसतात. त्यांचं मूळ बर्कलीतल्या मेरियन डायमंड आणि सहकाऱ्यांच्या १९६४ च्या प्रयोगात सापडतं. खेळणी आणि सोबती असलेल्या पिंजऱ्यातल्या उंदरांच्या मेंदूची साल एकट्या, रिकाम्या पिंजऱ्यातल्या उंदरांपेक्षा जाड आढळली होती. पण ‘समृद्ध’ पिंजरासुद्धा मोकळ्या शेतातल्या उंदराच्या आयुष्यापुढे गरीबच. म्हणजे तो प्रयोग मुख्यतः अनुभव हिरावून घेण्याचं नुकसान दाखवतो. म्हणून मुलावर अनुभवांचा मारा करायचं कारण नाही. जे सहज मिळायला हवं, ते हिरावून घेऊ नये.

काळजी कुठे घ्यायची

तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती साधारण सव्वातीन सेंटिमीटरपेक्षा लहान सुटी वस्तू देऊ नये. शेंगदाणे, हरभरे, चिंचोके श्वासनलिकेत अडकू शकतात. लालचुटुक गुंज आणि एरंडाच्या बिया विषारी असतात, तर कच्चा राजमाही पोटात गेला तर बाधतो. पाण्यात फुगणारे रंगीत जेलीचे मणी घरात आणूच नयेत. गिळले तर ते आतड्यात फुगून अडथळा करतात. तसा बुळबुळीत स्पर्श हवा असेल तर नीट भिजवलेला सब्जा आहे. आणि पाण्याशी खेळणाऱ्या मुलाला फोन घ्यायलासुद्धा सोडून जाऊ नये. बादलीतलं थोडं पाणीही जीवघेणं ठरतं.

काही मुलांना चिकट, ओलं अंगाला लागलेलं सहन होत नाही. अशा वेळी हात धरून पिठात घालू नये. त्याच्या हाती चमचा द्यावा, जवळ ओला पंचा ठेवावा, लांबून बघू द्यावं. जबरदस्तीने घडवलेला स्पर्श म्हणजे पुन्हा पेटीतलं पिल्लूच. कपडे, अंघोळ, जेवण हे सगळंच रोज अवघड होत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. घरचा खेळ हा उपचार नाही.

मोठ्यांचं काम त्यामुळे थोडं पण कठीण आहे. खाली जुनी चादर अंथरायची, दोन-तीन वस्तू मांडायच्या, जवळ बसायचं आणि आपले हात आवरायचे. ‘असं नाही, असं कर’ हे शब्द ओठांवर येतील, ते गिळायचे. मूल रवा चाळायचा सोडून चाळणी डोक्यावर घालेल, पिठात पाणी जास्त ओतेल, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करेल. प्रत्येक वेळी ते जगाला स्वतःचा प्रश्न विचारत असतं आणि उत्तर स्वतःच्या हाताने मिळवत असतं. आपण न सुचवलेलं काही त्याने केलं, की खेळ जमला असं खुशाल समजावं. सांडलेला रवा केरसुणीने गोळा करता येतो. ती शोधायची सवय मात्र याच वयात लागलेली बरी.