रिकाम्या जागेतले उपपद

‘रिकाम्या जागी अ, अ‍ॅन किंवा द भरा’ हा इंग्रजीच्या गृहपाठातला नेहमीचा प्रश्न. मराठीत अशी उपपदे नसल्याने मराठी मुलांना तो अवघड जातो. ‘कुत्रा भुंकला’ एवढ्याने मराठीत काम भागते. इंग्रजीत तो कुत्रा ओळखीचा की कोणताही, हे नामाआधीच सांगावे लागते. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणून ही गाठ लवकर पडते.

उत्तर शोधताना तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. पहिला: वस्तू ओळखीची आहे का? आधी उल्लेख झालेली किंवा सूर्यासारखी एकमेव असेल, तर ‘द’. नद्यांच्या नावांनाही ‘द’ लागते: द गोदावरी. पुणे, नाशिक अशा शहरांच्या नावांना मात्र काहीच लागत नाही.

दुसरा: ओळखीची नसल्यास ती मोजता येते का आणि एकच आहे का? तसे असेल तरच ‘अ’ किंवा ‘अ‍ॅन’. वॉटर, अ‍ॅडव्हाइस ही नामे मोजता येत नाहीत, म्हणून त्यांच्याआधी ही दोन्ही येत नाहीत.

तिसरा: पुढच्या शब्दाचा पहिला उच्चार कोणता? स्वराचा असेल तर ‘अ‍ॅन’, व्यंजनाचा असेल तर ‘अ’. येथे स्पेलिंग फसवते. ‘अवर’मधला एच मुका आहे, म्हणून अ‍ॅन अवर. ‘युनिव्हर्सिटी’ यू या स्वराक्षराने लिहितात, पण उच्चार ‘य’चा, म्हणून अ युनिव्हर्सिटी. ‘एमएलए’चा उच्चार ‘ए’ने सुरू होतो, म्हणून अ‍ॅन एमएलए.

मुलांना नुसते उत्तर सांगू नये. त्यामागचे कारण त्यांच्याकडूनच वदवून घ्यावे. कारण समजले की नवे वाक्यही त्यांना स्वतः सोडवता येते.